पेटीतील यंत्र : सुवाह्य संगणकाचा पूर्वेतिहास

संतशिरोमणी श्रीनामदेव महाराजांच्या कृपेने आपल्या शिंपी समाजाची ही वार्षिक स्मरणिका यंदाही सिद्ध होत आहे, व तीत काही लिहावे अशी संपादक मंडळाने मला आज्ञा केली आहे. विषयही त्यांनीच नेमून दिला. त्याचे कारण असे की, गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभानंतर जी सभा भरली, तीत गरजू विद्यार्थ्यांना वह्या व रोख बक्षिसे देण्याऐवजी लॅपटॉप द्यावेत अशी सूचना तरुण मंडळींनी मांडली. वडीलधाऱ्यांपैकी काहींनी तिला विरोध केला, शब्दाने शब्द वाढला, आणि शेवटी एका वृद्ध गृहस्थांनी, "अरे, हे यंत्र आले तरी कोठून, कोणी केले, कशासाठी केले, हे आम्हांस कोणी सांगाल की नाही?" असा रोकडा प्रश्न विचारला. सभेत कोणालाच नीट उत्तर देता येईना. "गुरुजींनी लिहावे" असे कोणीतरी म्हणाले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. मी केवळ मॅट्रिक झालेला, खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत हयात घालविलेला मनुष्य. यंत्रशास्त्राचा अधिकारी नव्हे. तथापि शब्दकोश जवळ घेऊन जे वाचले व धाकट्या चिरंजीवांकडून जे समजावून घेतले, ते यथामति वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम थोडे घरचे सांगतो. ते विषयाला सोडून नाही, हे पुढे ध्यानात येईलच. माझे वडील नेवासे तालुक्यात शिवणकाम करीत. दर शुक्रवारी घोडेगावचा बाजार भरे. पहाटे हातमशिनीवर घुमटाच्या आकाराचे लाकडी झाकण बसवावयाचे, कडी लावावयाची, ती पेटी सायकलच्या कॅरियरवर सुती दोरीने आवळून बांधावयाची, आणि दिवस उगवण्यापूर्वी वाटेला लागावयाचे, असा त्यांचा नेम होता. बाजारात एखाद्या लिंबाखाली सतरंजी पसरून ते बसत. बैल विकून आलेला शेतकरी कापड घेऊन येई आणि उन्हे कलेपर्यंत सदरा शिवून घेऊन जाई. गिऱ्हाइकाने दुकानाकडे यावे ही शहरातील रीत. दुकानानेच गिऱ्हाइकाकडे जावे ही आमच्या वडिलांची. ती मशीन आजही आमच्या घरी आहे. गेल्या दिवाळीत किराणा दुकानाच्या काट्यावर घातली, तेव्हा झाकणासह तेरा किलो भरली. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

लॅपटॉप या इंग्रजी शब्दाचा अर्थ मांडीवर ठेवण्याचा. परंतु या यंत्राचे पूर्वज मांडीवर ठेवले असते तर मांडीची धडगत नव्हती! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत व इंग्लंडात जे संगणक झाले, ते एकेक दालन व्यापणारे होते. मनुष्याने यंत्राकडे जावे, यंत्राने मनुष्याकडे येऊ नये, हाच तेथील धर्म. आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीने सप्टेंबर १९७५ मध्ये '५१००' या क्रमांकाचा एक संगणक विक्रीस आणला व त्याला स्वतःच 'पोर्टेबल', म्हणजे सुवाह्य, असे विशेषण लावले. त्याचे वजन सुमारे २५ किलो. किंमत जवळजवळ नऊ हजार डॉलरांपासून वीस हजार डॉलरांपर्यंत. पडदा अवघा पाच इंचांचा, आणि विजेच्या खटक्यावाचून तो चालत नसे. याला सुवाह्य म्हणावयाचे तर आमच्या घरचे जातेही सुवाह्यच म्हणावे लागेल. दोघांनी धरले म्हणजे तेही हलते.

तथापि या यंत्राची खरी कल्पना कोणत्याही कंपनीच्या हिशेबातून निघालेली नाही. ती मुलांच्या शिक्षणाच्या चिंतनातून निघाली, हे वाचून मला, एका शिक्षकाला, मोठा अचंबा वाटला. ॲलन के नावाचा एक तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ १९६८ साली सीमोर पॅपर्ट या गणितज्ञाकडे गेला होता. पॅपर्ट हे लहान मुलांकडून संगणक चालवून घेत, व त्यातून मुले भूमिती आपली आपण शिकतात असे त्यांचे म्हणणे होते. ते पाहून केच्या मनात आले की, प्रत्येक मुलाजवळ वहीएवढा स्वतःचा संगणक असला पाहिजे. तो त्याला झाडाखाली नेता यावा, त्यावर लिहिता यावे, चित्र काढता यावे, वाचता यावे. असे यंत्र घडविण्याचे साधन तेव्हा जगात कोठेही नव्हते. मग त्याने काय केले? पुठ्ठा कापून त्या यंत्राचा नमुना तयार केला, आणि ते किती हलके असले म्हणजे हाताला झेपेल हे कळावे म्हणून त्यात शिशाच्या गोळ्या भरून पाहिल्या. दोन पौंडांहून, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅमहून, ते जड असता कामा नये असा त्याचा निष्कर्ष निघाला.

आपणांपैकी ज्यांनी आयुष्यभर कात्री चालविली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. भारी कापडाला हात लावण्यापूर्वी आपण कागदावर बेततो. केने संगणक आधी पुठ्ठ्यावर बेतला. फरक इतकाच की, कापड त्याच्या हाती यावयास चाळीस वर्षे लागावयाची होती!

१९७२ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात असताना त्याने ही कल्पना एका निबंधात मांडली आणि त्या यंत्राला 'डायनाबुक' असे नाव दिले. मूळ निबंधाच्या मथळ्यातच ते सर्व वयांच्या मुलांसाठी असल्याचे म्हटले आहे. के याने आणखी एक दाखला दिला आहे तो मला विशेष आवडला. छपाईची कला निघाली तेव्हा ग्रंथ पाटाएवढे मोठे असत. पुढे व्हेनिस नगरीतील आल्डस मॅन्युशियस या मुद्रकाने १५०१ च्या सुमारास खोगिराच्या पिशवीत मावतील असे लहान ग्रंथ छापले, तेव्हा कोठे पुस्तक माणसाबरोबर हिंडू लागले. संगणकाचेही तसेच व्हावे, ही त्याची इच्छा. त्याच केंद्रातील मंडळींनी १९७६ ते १९७८ या काळात 'नोटटेकर' नावाचे एक पेटीवजा यंत्र खरोखर बनविले. परंतु त्याचे वजन २२ किलो भरले. अशी सुमारे दहाच यंत्रे झाली, व कंपनीने ती विक्रीस काढलीच नाहीत.

जे शास्त्रज्ञांनी सोडून दिले ते एका पुस्तकविक्याने उचलले. या गृहस्थांचे नाव ॲडम ऑस्बर्न. त्यांचे चरित्र थोडे विस्ताराने सांगतो, कारण या इतिहासातील हा एक पुरुष आपल्या देशाच्या मातीत वाढला व याच मातीत निमाला. वडील आर्थर ऑस्बर्न हे इंग्रज. बँकॉक येथे विद्यापीठात अध्यापक होते. आई पोलिश. ॲडमचा जन्म तेथेच ६ मार्च १९३९ रोजी झाला. आर्थर यांचा ओढा अध्यात्माकडे असल्यामुळे त्यांनी १९४१ साली कुटुंब तमिळ देशातील तिरुवण्णामलै येथे, श्रीरमण महर्षींच्या आश्रमाजवळ, आणून ठेवले आणि ते स्वतः नोकरीवर परतले. इतक्यात जपानने युद्धात उडी घेतली व आर्थर युद्ध संपेपर्यंत बंदिवासात पडले. इकडे त्यांची मुले महर्षींच्या अंगणात खेळत वाढत होती. छोटा ॲडम तमिळ अस्खलित बोले. पुढे शिक्षण कोडाईकनालच्या शाळेत, नंतर इंग्लंडात व अमेरिकेत. रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी शेल या तेल कंपनीत नोकरी केली. पण तेथे मन रमेना, म्हणून संगणकांविषयी सोप्या भाषेत पुस्तके लिहून तीच छापून विकण्याचा धंदा मांडला. तो इतका चालला की, १९७९ साली एका मोठ्या प्रकाशन संस्थेने तो विकत घेतला.

हाती पैसा आल्यावर ऑस्बर्न यांनी ली फेल्सेन्स्टाइन या कुशल अभियंत्याला गाठले आणि अट घातली की, विमानातील आसनाखाली सरकवता येईल असा संगणक मला करून दे. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात 'ऑस्बर्न-१' लोकांपुढे आला. वजन सुमारे ११ किलो. वर मूठ, एका बाजूस झाकण; ते उघडले की झाकणाच्याच आतल्या अंगास अक्षरांच्या कळा, समोर पाच इंची पडदा, दोन्ही अंगांस चकत्या घालण्याच्या खाचा. ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांनी त्यांनी एकच उपमा दिली: ही तर शिवणाची मशीन! वाचकहो, ही उपमा माझ्या पदरची नाही. अमेरिकेत ती रूढच झाली होती. छायाचित्र पाहिले तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे सायकलच्या कॅरियरवरची ती पेटी उभी राहिली. वजनात तर आमच्या वडिलांची मशीन त्या संगणकाला दोन किलोंनी भारीच आहे.

ऑस्बर्न यांची खरी हुशारी यंत्रात नव्हती, विक्रीत होती. किंमत १,७९५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने पंधरा-सोळा हजार रुपये. आणि त्याच किमतीत पत्रलेखन, हिशेब इत्यादी कामांच्या आज्ञावल्या, ज्या सुट्या घेतल्या तर पंधराशे डॉलरांच्या घरात गेल्या असत्या, त्या फुकट. सदऱ्याच्या शिलाईत बटणे, अस्तर व काजे आमच्याकडची, असे सांगणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक वळणारच. भरभराटीच्या काळात महिन्याला दहा हजार यंत्रे खपू लागली. पडदा लहान म्हणून लोक कुरकुरत. पण वकील, हिशेबतपासनीस, लेखक यांना आपले काम बरोबर नेता येऊ लागले याचेच मोल अधिक होते.

आणि दोन वर्षांत सारे कोसळले. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. याविषयी व्यापारी जगात एक कथा प्रसिद्ध आहे. १९८३ च्या आरंभी ऑस्बर्न यांनी पुढील अधिक चांगल्या यंत्राची वाच्यता वेळेपूर्वीच केली. दुकानदारांनी जुन्या यंत्राच्या मागण्या रद्द केल्या, आणि नवे तर अद्याप तयार नव्हते. दिवाळीला नवे ठाण येणार असे दसऱ्यालाच सांगून बसलेल्या कापड दुकानदाराची जी गत होईल तीच त्यांची झाली. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत या प्रकाराला त्यांचेच नाव चिकटले आहे. मला मात्र हे अर्धसत्य वाटते. त्याच किमतीत नऊ इंची पडद्याचे 'केप्रो' हे यंत्र १९८२ पासून बाजारात आले होते, आणि त्याहून मोठा प्रतिस्पर्धीही दाराशी येऊन उभा होता. पडत्या फळाला वाऱ्याचे निमित्त पुरते. ऑस्बर्न यांनी पुढेही उद्योग केले. परंतु मेंदूच्या विकाराने जर्जर होऊन १९९२ साली ते भारतात बहिणीकडे परतले, व १८ मार्च २००३ रोजी कोडाईकनाल येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या गावच्या शाळेत अक्षरे गिरवली, त्याच गावी ते अनंतात विलीन झाले.

तो मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे 'कॉम्पॅक'. एका जुन्या कंपनीतून बाहेर पडलेल्या तिघा अभियंत्यांनी १९८२ साली टेक्ससमधील ह्यूस्टन येथे ही कंपनी काढली, व नोव्हेंबरमध्ये आपला पेटीसंगणक जाहीर केला. वजन साडेबारा किलोंवर, म्हणजे ऑस्बर्नहून जडच, किंमतही अधिक. तरी पहिल्या वर्षात त्यांची ५३,००० यंत्रे विकली गेली. कारण काय? आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली यांच्या यंत्रावर जशीच्या तशी चाले. सिंगरची बॉबिन उषा मशिनीला बसली म्हणजे उषाचे गिऱ्हाईक जसे निर्धास्त होते, तसेच हे. यंत्र हलके असण्यापेक्षा त्याचे सुटे सामान गावोगाव मिळावे याला माणूस अधिक पैसे मोजतो, ही गोष्ट येथे प्रथम उघड झाली.

आतापर्यंतची सर्व यंत्रे भिंतीतील खटक्याला बांधलेली होती. ती दोरी तोडण्याचे काम जपानी कारागिरांनी केले. 'एप्सन' कंपनीचा एचएक्स-२० हा संगणक १९८१ साली जाहीर झाला व १९८२ साली दुकानांत आला. आकार वहीच्या पानाएवढा, वजन केवळ १.६ किलो. आतच लहानसा मुद्रकही होता, व एकदा भारित केलेली बॅटरी सुमारे पन्नास तास पुरे. उणीव इतकीच की, पडद्यावर चारच ओळी, आणि ओळीत वीस अक्षरे. एवढ्यात एक मोठा पत्ता तरी मावेल की नाही शंका! १९८३ साली टँडी कंपनीने विकलेले 'मॉडेल १००' हे यंत्र क्योसेरा या जपानी कंपनीने घडविले होते. त्यात आठ ओळी मावत, आणि खेळण्यांत घालतात तसल्या चार पेन्सिल सेलांवर ते वीस तास चाले. वार्ताहरांचे ते लाडके झाले. दंगलीच्या वा निवडणुकीच्या ठिकाणी बसून बातमी लिहावयाची व तेथूनच दूरध्वनीच्या तारेवरून कचेरीत धाडावयाची, ही सोय त्यांना प्रथमच लाभली. आमच्या वडिलांचे लिंबाचे झाड आणि त्या वार्ताहरांचे बाक, यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आज आपण लॅपटॉप पुस्तकासारखा मिटतो व उघडतो, ती रचना बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकाराने १९८२ च्या 'ग्रिड कंपास' या यंत्रात रूढ केली. किंमत ८,१५० डॉलर. ते सामान्यांसाठी नव्हतेच. १९८३ साली अमेरिकेच्या अंतराळयानातून ते पृथ्वीभोवती फिरूनही आले. पुढे १९८५ साली तोशिबाने चार किलोंचा टी-११०० काढला, आणि मिटणारा आकार, बॅटरी व सर्वत्र चालणाऱ्या आज्ञावल्या हे तीनही गुण माफक किमतीत एकत्र आले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियमची पुनर्भारित बॅटरी बाजारात आणल्यावर वजन झपाट्याने उतरू लागले. त्यापुढची हकीगत घरोघर ठाऊक आहे, म्हणून सांगत बसत नाही.

आपल्याकडे हे सर्व उशिरा आले. परदेशी संगणक आणावयाचा तर परवाने व जबर जकात यांच्या चक्रातून जावे लागे. नोव्हेंबर १९८४ च्या सरकारी धोरणाने ती वाट काहीशी मोकळी झाली. परंतु परवान्याहून मोठी अडचण लिपीची होती. यंत्र हाताशी आले तरी ते आपली भाषा जाणत नव्हते. येथे पुण्याने केलेली कामगिरी आपल्याला अभिमानास्पद आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली, आधी कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये आरंभिलेले भारतीय लिप्यांचे काम पुढे चालले. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली मान्य केलेला जो 'इन्स्क्रिप्ट' कळफलक, त्याची रचना पाहून माझ्यातला शिक्षक सुखावला. डाव्या हाताकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. आणि क-ख, ग-घ, त-थ, प-फ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्या एकेका कळीवर. जी वर्णमाला आम्ही खडूने फळ्यावर मांडीत आलो, तीच पाणिनीच्या शहाणपणासह यंत्रात उतरली आहे. या शतकाच्या आरंभी बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी 'सिम्प्युटर' नावाचा तळहातावरचा, भारतीय भाषा बोलून दाखविणारा स्वस्त संगणकही केला. त्याचे कौतुक जगभर झाले; विक्री मात्र आशेच्या मानाने फारच थोडी झाली.

आता ज्या घटनेसाठी मी हा लेख लिहावयास विशेष उत्सुक होतो, तिच्याकडे वळतो. केने मुलांसाठी बेतलेला तो पुठ्ठ्याचा नमुना तीस-पस्तीस वर्षे व्यापारी व वकिलांच्या कामी आला. मूल बाजूलाच राहिले. २००५ साली अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टी या प्राध्यापकांनी 'दर मुलामागे एक लॅपटॉप' हा संकल्प सोडला. किंमत शंभर डॉलर असावी असा त्यांचा मानस होता. पॅपर्ट व ॲलन के हे दोघेही या कार्यात सल्लागार होते, हे ध्यानात घ्यावे. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ साली ही योजना नाकारली. वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक आहे, असे खात्याच्या सचिवांचे म्हणणे पडले. सरकार नाही म्हणाले, तरी या यंत्राची देशातील पहिली चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झाली. २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा या टेकडीवरच्या वस्तीतील मराठी शाळेत. (हे कर्जत म्हणजे आपल्या जिल्ह्यातील नव्हे.) एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले. अशी शाळा मी चालविलेली आहे, म्हणून ती मला न पाहताही दिसते.

हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते 'एक्सओ' यंत्र सुमारे दीड किलोचे होते. उन्हात वाचता येईल असा पडदा, धूळ-पाणी सोसणारा बांधा, छायाचित्राची सोय, आणि शेजारच्या यंत्राशी तारेवाचून संधान बांधण्याची युक्ती. त्यासाठी देवनागरी कळफलकही तयार झाला होता. किंमत मात्र शंभरावर न राहता १८८ डॉलरांच्या आसपास गेली, म्हणजे तेव्हाचे साडेसात हजार रुपये. अशा रीतीने कॅलिफोर्नियात बेतलेले वस्त्र अखेर धनगराच्या लेकराच्या अंगावर चढले. मेंढरांमागे जाणाऱ्याच्या घरी हे यंत्र गेले, हे ऐकून ज्याला बरे वाटणार नाही तो शिक्षकच नव्हे.

परंतु पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. एका शाळेवरून अनुमान काढणे योग्य नाही, म्हणून ज्या देशांनी ही यंत्रे लाखांनी घेतली त्यांच्याकडे पाहावे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी होऊन २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सामान्य तर्कबुद्धीत थोडी प्रगती दिसली. पण गणित व भाषा या विषयांत, यंत्र मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांत फरक आढळला नाही. त्याच खंडातील उरुग्वे या छोट्या देशाने २००७ पासून तेच यंत्र घेतले व २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाच्या हाती दिले. पण त्याबरोबर 'सेइबाल' नावाची स्वतंत्र संस्था उभारली, जिने शाळाशाळांत इंटरनेट नेले, शिक्षक तयार केले, आणि मोडलेली यंत्रे दुरुस्त करण्याची व्यवस्था लावली. ती संस्था टिकली व वाढली. अमेरिकेतील मूळ संस्थेचे काम मात्र २०१४ च्या सुमारास बरेचसे मंदावले.

आपल्याकडील 'आकाश' या पाटीसंगणकाची कथा अशीच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये तो मोठ्या गाजावाजाने निघाला. पडदा नीट दाद देत नाही, बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी आल्या. मग ते काम मुंबईच्या आय. आय. टी. कडे आले. प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली सुधारलेली आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते प्रसिद्ध झाली. फाटक सरांनी यंत्राबरोबरच अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हजारो अध्यापकांना ते कसे वापरावे याचे शिक्षण देण्याचा घाट घातला, ही त्यांची दृष्टी मला मोलाची वाटते. यंत्र स्वतः मात्र फार दिवस टिकले नाही.

माझ्या नोकरीच्या काळात एका शाळेला संगणक मिळाला होता. आम्ही त्याची पूजा केली, नारळ फोडला. पुढे वीजबिल कोणी भरावयाचे याचा निर्णय होईना, म्हणून जोडणी तुटली, व ते यंत्र कपाटात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली तीन वर्षे पडून राहिले. मुले माझ्याकडे विचारीत, "गुरुजी, तो कधी काढायचा?" मला उत्तर सुचत नसे. त्या आच्छादनाचा निळा रंग अद्याप माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सभेतील त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. हे यंत्र मूळ कल्पिले गेले ते मुलांसाठीच. तेव्हा ते आपल्या मुलांना देण्यात चैन नाही, आणि तरुणांची सूचना मला पूर्ण मान्य आहे. परंतु ते कशाच्या बळावर चालते, हे विसरून चालणार नाही. वडिलांच्या सायकलच्या दांड्याला एक कापडी पिशवी अडकविलेली असे. तीत दोन जास्तीच्या सुया, बॉबिनी, चाकाचा एक पट्टा, तेलाची कुपी, पेचकस आणि मेणाचा तुकडा. बाजारात सुई मोडली तर त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून ही तरतूद. मशीन विसरून निघालो तर निम्म्या वाटेवरून परत येता येईल, पण पिशवी विसरली तर ते घोडेगावला पोहोचेपर्यंत कळणार नाही, असे ते म्हणत, आणि निघताना पहिला हात पिशवीला लावीत.

कार्यकारी मंडळाने यंदा आठ लॅपटॉपांचा अंदाज केला आहे. मी त्यांना लेखी कळविले आहे की, आठांऐवजी सहा घ्यावेत. उरलेल्या दोहोंची रक्कम वेगळी ठेवून तीतून तीन वर्षांपर्यंत दुरुस्ती, नवी बॅटरी व इंटरनेटचा खर्च द्यावा. आणि समाजातील जी मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेऊन पुणे वा नगर येथे नोकरीस आहेत, त्यांच्यापैकी एकेकाने एकेका विद्यार्थ्याची जबाबदारी नावानिशी घ्यावी. तिघांनी होकार दिला आहे. आणखी तिघे हवे आहेत. गुढीपाडव्याच्या सभेत हा विषय निघावयाचा आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी तत्पूर्वी चिटणीसांकडे आपले नाव द्यावे.